प्रॉडक्ट की हरवते म्हणजे नेमके काय हरवते?

जालना एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या री-रोलिंग मिलमध्ये कॉम्प्युटर फार नसतात. एक वजनकाट्याच्या केबिनमध्ये, एक-दोन अकाउंट विभागात, एक लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला आणि एक मालकाच्या टेबलावर. पण भंगार आत येते ते वजनावर आणि सळई बाहेर जाते तीही वजनावर. त्यामुळे काट्याचा किंवा बिलांचा कॉम्प्युटर बसला की गेटवर ट्रक उभे राहतात. हार्डवेअरवाला येतो, पाहतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल. की आहे का?’ मग शोधाशोध सुरू होते. सीडीचे जुने खोके, बिलांची फाइल, नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटला फोन.

या शोधाशोधीत बहुतेक वेळा चुकीची वस्तू शोधली जाते, असे माझे म्हणणे आहे. प्रॉडक्ट की म्हणजे अक्षरांची एक माळ. सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क ही वेगळी बाब आहे, आणि त्या हक्काचा पुरावा तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो. शेताचा गट नंबर तोंडपाठ असला म्हणून कोणी मालक होत नाही, आणि तो विसरला म्हणून मालकी जातही नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहिले जाते. सॉफ्टवेअरचा हा ‘सातबारा’ गेल्या तीस वर्षांत दोनदा जागा बदलून बसला आहे. आधी पुरावा कीमध्येच होता, मग तो मशीनमध्ये गेला, आणि आता बहुतांशी विक्रेत्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्यात आहे. जालन्याच्या कारखान्यांत तिन्ही काळांतली सॉफ्टवेअरे एकाच छताखाली चालतात. म्हणून एकच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही.

पुरावा कीमध्येच असण्याचा काळ आज गमतीचा वाटतो. विंडोज ९५ च्या किरकोळ विक्रीच्या कीमध्ये आधी तीन अंक आणि नंतर सात अंक असत. इन्स्टॉल करताना मुख्य तपासणी एवढीच, की त्या सात अंकांच्या बेरजेला सातने भाग जातो का. सात वेळा एक लिहिले तरी बेरीज सात, म्हणजे की ‘खरी’. अशी की हरवली काय आणि सापडली काय. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले तोवर दोन गोष्टी बदलल्या होत्या. कीमध्ये गणिती स्वाक्षरी आली, त्यामुळे मनाने रचलेली की चालेनाशी झाली. शिवाय ॲक्टिव्हेशन आले, म्हणजे एकच की कितीही मशीनवर चालवण्याला आडकाठी आली.

पंचवीस अक्षरांची, पाच-पाचच्या पाच गटांतली की आता सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहू, कारण पुसट झालेले स्टिकर वाचताना तीच कामी येते. एक्सपी आणि विंडोज ७ च्या कीमध्ये फक्त चोवीस चिन्हे वापरली जातात: सतरा इंग्रजी अक्षरे आणि सात अंक. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर वगळले आहेत. त्यांच्या जोडीला एल, एन, एस आणि झेड. अंकांपैकी शून्य, एक आणि पाच नाहीत. वगळण्यामागे हेतू स्पष्ट आहे: शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांचा घोळच होऊ नये. स्वर नसल्यामुळे चुकून एखादा शब्दही तयार होत नाही.

मिलच्या ऑफिसातल्या सीपीयूवर चिकटवलेले स्टिकर दहा वर्षांत कसे होते हे तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. भट्टीचा धूर, लोखंडाच्या पापुद्र्यांची बारीक काळी धूळ, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसण्याची शिस्त. शाई उडते, काही अक्षरांच्या नुसत्या रेघा उरतात. अशा वेळी वरची यादी हाताशी ठेवावी. शून्यासारखे दिसणारे अक्षर शून्यही नाही आणि ओही नाही. ते क्यू, डी किंवा जी असणार. पाचासारखे दिसते ते बहुधा सहा. उभी रेघ दिसली तर ती सात किंवा टी यांचा उरलेला दांडा. खरा संभ्रम बी आणि आठ यांत राहतो, कारण कंपनीने दोन्ही ठेवले आहेत. (का ठेवले, देव जाणे.) एकच अक्षर गेले असेल तर चोवीस शक्यता, दोन गेली तर ५७६, तीन गेली तर १३,८२४. एक-दोन अक्षरांपर्यंत मोबाइलच्या टॉर्चचा तिरका प्रकाश आणि भिंग यांनी काम होते. पूर्ण गट गेला तर शक्यता ७९ लाखांच्या घरात जातात, तिथे थांबावे. कीमध्ये एन दिसला तर ती विंडोज ८ किंवा त्यानंतरची आहे, इतकेही अनुमान त्या एका अक्षरावरून काढता येते.

स्टिकरच गेले, पण हार्डडिस्क जिवंत आहे, असे असेल तर? जुन्या विंडोजमध्ये की रजिस्ट्रीत साठवलेली असते. ‘डिजिटल प्रॉडक्ट आयडी’ नावाच्या नोंदीत १६४ बाइट असतात आणि त्यांतल्या ५२ व्या स्थानापासूनच्या पंधरा बाइटमध्ये की असते. पंचवीस स्थाने, प्रत्येकी चोवीस पर्याय, मिळून सुमारे ११५ बिट माहिती होते. पंधरा बाइट म्हणजे १२० बिट, त्यात ती बरोबर मावते. वाचण्याची रीत शाळेतल्या भागाकाराची आहे. पंधरा बाइटची मिळून एक प्रचंड संख्या धरायची, तिला २४ ने भागायचे, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचे चिन्ह म्हणजे कीचे शेवटचे अक्षर. भागाकार पुन्हा २४ ने भागायचा, ते त्याच्या आधीचे अक्षर. पंचवीस वेळा केले की की उजवीकडून डावीकडे पूर्ण होते. विंडोज ८ पासून या रीतीत थोडा फरक आहे, एन तिथूनच येतो, गाभा तोच. यात कुलूप काहीच नाही, फक्त संख्येचा पाया बदललेला आहे. म्हणूनच की शोधून देणारी छोटी प्रोग्रामे फुकट मिळतात, आणि त्यासाठी कोणी हजार रुपये मागत असेल तर तो या भागाकाराचे मागतो आहे. मशीन सुरूच होत नसेल तर तिची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते, तिच्या विंडोज फोल्डरमधली ‘सॉफ्टवेअर’ नावाची रजिस्ट्री फाइल तिथे जोडून तीच नोंद वाचता येते. फॉरमॅट मारण्याआधी हे पाच मिनिटांचे काम आहे; फॉरमॅट मारल्यावर ते डेटा रिकव्हरीचे काम होते.

इथवर हरवलेली की खरोखर सापडते. पुढच्या काळात सापडते ती की वेगळीच निघते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, तयार मिळणाऱ्या ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच घातलेली येते. स्टिकरवर कंपनीचे चिन्ह असते, की नसते. विंडोज पुन्हा टाकताना इन्स्टॉलर ती स्वतःच वाचून घेतो, माणसाला विचारतही नाही. विंडोज १० मध्ये, २०१५ पासून, ‘डिजिटल लायसन्स’ आले. मशीनच्या हार्डवेअरची एक ओळख तयार होते, ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि पुढे त्याच मशीनवर तीच आवृत्ती टाकली की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. अशा मशीनवर की शोधणारा प्रोग्राम चालवला तर पंचवीस अक्षरे दिसतात, आणि ती कागदावर उतरवून लोक निश्चिंत होतात. ती सर्वसाधारण की असते. होम आवृत्तीच्या सगळ्या डिजिटल लायसन्सवाल्या मशीनवर एकच, प्रो आवृत्तीच्या सगळ्यांवर एकच. प्रोची 3व्ही66टी या पाच चिन्हांवर संपते. हा शेपटा दिसला तर कागद फाडून टाकायला हरकत नाही. मशीन तेच असेल तर इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडावा, आवृत्ती मात्र पूर्वीचीच घ्यावी. होमच्या जागी प्रो टाकणे ही इथली नेहमीची चूक. मग हार्डवेअरवाला सांगतो, ‘लायसन्स गेलं.’ लायसन्स जागेवरच असते, त्याला ओळखणारी आवृत्ती मशीनवर नसते.

मदरबोर्ड बदलला की मात्र मशीनची ओळखच बदलते. विजेचे चढउतार असलेल्या औद्योगिक वसाहतीत बोर्ड उडणे नवे नाही. लायसन्स रिटेल असेल, म्हणजे वेगळे विकत घेतलेले असेल, तर ते नव्या बोर्डावर हलवता येते, आणि आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवले असेल तर ‘हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्याय ट्रबलशूटरमध्ये मिळतो. ही सोय २०१६ पासूनची आहे. मशीनबरोबर आलेले ओईएम लायसन्स त्या मशीनलाच बांधलेले असते. निर्मात्याने सदोष बोर्ड बदलून दिला तर हक्क टिकतो, बाजारातून दुसराच बोर्ड आणून बसवला तर टिकत नाही. आणि पूर्वी विंडोज ७ च्या स्टिकरवरची की विंडोज १० ला चालत असे, ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरची गोष्ट याच वर्गातली, पण जास्त अडचणीची. ही सॉफ्टवेअरे बहुधा लहान विक्रेत्यांनी लिहिलेली असतात. काट्याच्या इंडिकेटरमधून सीरियल पोर्टवर वजन घ्यायचे, ट्रकचा नंबर जोडायचा, काटापावती छापायची, एवढे काम. पहिल्यांदा चालवताना ती स्क्रीनवर मशीनचा एक कोड दाखवतात, तो विक्रेत्याला फोनवर सांगायचा, तो त्यावरून तयार झालेली की सांगतो. म्हणजे की मशीनमधून जन्मते. हार्डडिस्क बदलली की कोड बदलतो, आणि डायरीत जपून लिहिलेली की डोळ्यांसमोर असूनही निरुपयोगी होते. इथे हरवलेली गोष्ट की नाहीच, हरवलेला असतो तो विक्रेता. त्याने धंदा बंद केला असेल तर की पुन्हा तयार करणारे जगात कोणी उरत नाही. त्यावर खात्रीचा उपाय आधीच करावा लागतो: डिस्क चालू असतानाच तिची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे क्लोन, काढून ठेवणे. कोड फॉरमॅटच्या वेळी पडणाऱ्या क्रमांकावरून काढलेला असेल तर क्लोनवर जुनी की चालते. डिस्कच्या कारखान्यातल्या अनुक्रमांकावरून काढलेला असेल तर क्लोनही चालत नाही. कोणती पद्धत आहे हे विक्रेता हयात असतानाच विचारून घ्यावे.

स्पेक्ट्रोमीटरसारख्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरबरोबर डोंगल येते, यूएसबीला लावायचे लहान कुलूप. डोंगल बिघडले तर ते परत देऊन बदलून मिळण्याची शक्यता असते. हरवले तर कंपन्या सहसा नवे लायसन्स घ्यायला सांगतात, कारण हरवलेले डोंगल दुसरीकडे चालू शकते. सळईला आयएस १७८६ प्रमाणे रासायनिक घटकांची मर्यादा पाळावी लागते, त्यामुळे लॅब बंद ठेवून चालत नाही. ज्याला हे कळते तो डोंगल मशीनच्या मागच्या पोर्टला लावतो आणि तिथे पेन ड्राइव्ह लावायला मनाई करतो.

तिसऱ्या प्रकारात की ही केवळ खाते उघडण्याची खूण उरते. ऑफिस २०१३ पासून पूर्ण की मशीनवर ठेवलीच जात नाही. फक्त शेवटची पाच अक्षरे राहतात. त्यांचा उपयोग एवढाच, की घरात चार डब्यांवर चार की असतील तर या मशीनवर कोणती लागली ते ताडून पाहता येते. जो प्रोग्राम ऑफिस २०१९ ची पंचवीसच्या पंचवीस अक्षरे शोधून दाखवण्याचा दावा करतो, तो नसलेली वस्तू दाखवतो आहे; त्याच्याबरोबर आणखी काय आत आले ते तपासावे.

जालन्यात या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच टॅली. १९८६ मध्ये श्यामसुंदर आणि भारत गोयंका या पिता-पुत्रांनी सुरू केलेल्या या कंपनीचे सॉफ्टवेअर नसलेले अकाउंट ऑफिस इथे शोधावे लागेल. टॅलीचा हक्क अनुक्रमांक आणि खात्याच्या प्रशासकाचा ई-मेल या जोडीवर उभा असतो. मशीन जिवंत असेल तर फॉरमॅटच्या आधी लायसन्स सरेंडर करावे. मशीन गेले तरी तो ई-मेल हाताशी असेल तर नव्या मशीनवर लायसन्स पुन्हा उभे राहते. अडते कुठे? तो ई-मेल कोणाचा, इथे. खरेदीच्या दिवशी कंपनीला ई-मेल नव्हता म्हणून अकाउंटंटचा दिला. कधी विकणाऱ्याने घाईत स्वतःचाच टाकला. कधी मालकाच्या पुतण्याचा, जो आता पुण्यात असतो आणि त्या खात्याचा पासवर्ड विसरला आहे. पैसे कंपनीने दिले, बिल कंपनीच्या नावाचे आहे, पण सर्व्हरवरच्या नोंदीत दुसराच माणूस मालक आहे. अशा वेळी उपयोगी पडते ते जीएसटी क्रमांकासह कंपनीच्या नावाचे खरेदी बिल, कारण विक्रेत्यापुढे मालकी सिद्ध करायला दुसरे साधन नसते. एमआयडीसीत मिल एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हाही हाच प्रश्न येतो. कॉम्प्युटर इमारतीबरोबर येतात, त्यांतले ओईएम विंडोजही येते. टॅली आणि इतर सॉफ्टवेअर जुन्या मालकाच्या खात्यात राहते. व्यवहाराच्या कागदात रोलिंग स्टँड आणि क्रेन यांची यादी असते, सॉफ्टवेअरच्या खात्यांची क्वचितच.

आपले मशीन कोणत्या प्रकारात बसते हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. विंडोजला लायसन्सची माहिती विचारणारी एक आज्ञा आहे, एसएलएमजीआर. तिच्यापुढे तिरपी रेघ देऊन डीएलआय लिहिले की चौकटीत लायसन्सचा ‘चॅनेल’ दिसतो. रिटेल दिसले तर बिल शोधा. ओईएम डीएम दिसले तर की बोर्डात आहे, शोधू नका. व्हॉल्यूम केएमएस दिसले तर जरा थांबा. केएमएस ही मोठ्या संस्थांची व्यवस्था आहे: संस्थेचा स्वतःचा सर्व्हर ॲक्टिव्हेशन देतो, ते १८० दिवसांचे असते आणि आपोआप वाढत जाते, आणि तो सर्व्हर कामाला लागण्यासाठी नेटवर्कवर किमान २५ क्लायंट मशीन लागतात. पाच कॉम्प्युटरच्या मिलमध्ये हे दिसत असेल तर ते विंडोज ‘ॲक्टिव्हेटर’ने, म्हणजे लायसन्सला बगल देणाऱ्या चोरट्या प्रोग्रामने, चालू केले आहे, हेच बहुधा उत्तर. अशा मालकाची की हरवलेलीच नाही. त्याच्याकडे ती कधी नव्हतीच, आणि हे त्याला पहिल्यांदा कळते ते फॉरमॅटच्या दिवशी. जालन्यातल्याच एखाद्या मोठ्या बियाणे कंपनीत आयटी विभाग असतो, तिथे हा प्रसंग येत नाही. एकाच माणसावर विश्वास टाकणाऱ्या लहान युनिटवर तो येतो.

कायद्याची बाजू इथे येते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार वैध धारकाला हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत करता येते. क्लोनची चिंता करण्याचे कारण नाही. आपल्याच मशीनमधून आपलीच की वाचण्यातही गैर काही नाही. उलट, अनधिकृत प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर कलम ६३ बी नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. आर्थिक लाभासाठी किंवा व्यापाराच्या ओघात वापर नसेल तर कैदेतून सूट देण्याची मुभा न्यायालयाला आहे. कारखान्याला तो आडोसा मिळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, जे की शोधण्याच्या गडबडीत मागे पडते. आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या की हक्काच्या खुणा होत्या; त्या गेल्या तरी माहिती सुरक्षित राहते. टॅलीचे लायसन्स गेले तरी डेटा फोल्डर तसाच असतो. काही की मात्र स्वतःच कुलूप असतात. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली तर, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. बोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, सहा-सहा अंकांचे आठ गट. जुन्या डिस्कमधून रजिस्ट्री वाचण्याची वर सांगितलेली युक्ती इथे दारातच अडते. ही संख्या ज्या खात्याने मशीन पहिल्यांदा सुरू केले त्या खात्यात असते, आणि दुकानातल्या मुलाने मशीन ‘रेडी करून’ दिले असेल तर ती त्याच्या खात्यात. म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी पहिले काम हे ४८ अंक कागदावर घेण्याचे. विंडोजची की त्यानंतर.

टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड याहून कठोर आहे. तो कंपनीचा डेटाच एन्क्रिप्ट करतो, आणि विसरला तर टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत. मग वर्षाची पुस्तके पुन्हा उभी करायची ती बाहेरच्या पुराव्यांवरून: विक्री जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ मधून, खरेदी जीएसटीआर-२बी मधून, पैशांची आवक-जावक बँक स्टेटमेंटवरून. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, त्यामुळे जुने वर्ष सोडून देण्याची सोय नाही. या तीन ठिकाणी जे सापडत नाही ते म्हणजे रोखीची मजुरी, भंगाराचा शिल्लक साठा आणि भट्टीच्या कोणत्या घाण्यात (हीटमध्ये) किती माल पडला त्याच्या नोंदी. त्यासाठी काट्याच्या केबिनमधल्या कार्बनच्या पावत्या आणि भट्टीवरच्या फोरमनचे रजिस्टर मागवावे लागते.